तक्त्यातला प्याला
फ्रान्सच्या अन्न-ताळेबंदातील मद्याच्या कॅलरी : एक चिकित्सा

१

मराठी वाचकाच्या मनात दारू आणि भाकरी यांचे नाते गडकऱ्यांनी पक्के करून ठेवले आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकराच्या पेल्यात जे पडते ते सिंधूच्या ताटातून गेलेले असते. दारू घरात शिरते आणि धान्य घराबाहेर पडते. नवरा पितो आणि बायको दुसऱ्यांची दळणे दळते. दारू ही अन्नाची वैरीण, हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही.

अशा वाचकाने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे ‘अन्न-ताळेबंद’ उघडले तर तो पहिल्याच पानावर थबकेल. १९६१ पासून जवळजवळ प्रत्येक देशासाठी तयार होणाऱ्या या तक्त्यांत तृणधान्ये, कंदमुळे, साखर, डाळी, भाज्या, फळे, मांस, दूध, मासे यांच्या ओळी असतात आणि त्याच रांगेत एक ओळ मद्यांची असते. वाईन, बिअर, इतर आंबवलेली पेये, ऊर्ध्वपातन केलेली मद्ये असे तिचे पोटभाग. प्रत्येकापुढे दरडोई दररोज किती किलोकॅलरी, हा आकडा. तांदळाच्या कॅलरी आणि ब्रँडीच्या कॅलरी शेवटी एकाच बेरजेत जातात. देशाला अन्न किती उपलब्ध आहे, याचे उत्तर देणाऱ्या बेरजेत!

ही ओळ तिथे का आहे, ती काय सांगते, आणि सांगताना काय गिळून टाकते, हे या लेखात तपासायचे आहे. तपासणीसाठी फ्रान्स हा देश निवडला आहे. कारण मद्याला अन्न मानण्याचा प्रयोग जितक्या गांभीर्याने आणि जितका दीर्घकाळ फ्रान्सने केला, तितका क्वचितच कुणी केला असेल. गेल्या साठ वर्षांत ही ओळ जितकी घसरली, तितकी घसरणही थोड्याच देशांत दिसते.

२

आधी आकडे. शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून सुमारे ७ किलोकॅलरी मिळतात. पिठूळ पदार्थांतून आणि प्रथिनांतून ४, स्निग्ध पदार्थांतून ९. म्हणजे उष्मांकाच्या हिशेबाने अल्कोहोल भाकरीपेक्षा तुपाला जवळचे.

१९६१ साली फ्रान्समध्ये १५ वर्षांवरील दर माणशी वर्षाला सुमारे २६ लिटर शुद्ध अल्कोहोल खपत होते. एका लिटरचे वजन ७८९ ग्रॅम धरले तर हे साडेवीस किलो होतात. त्याला सातने गुणून वर्षाच्या दिवसांनी भागले की रोजच्या सुमारे ३९० किलोकॅलरी येतात. गेल्या दशकाच्या अखेरीस हाच आकडा साडेअकरा लिटरच्या आसपास आला, म्हणजे रोजच्या १७५ किलोकॅलरी. अर्ध्याहून अधिक घट.

ही सरासरी प्रौढांची झाली. लहान मुले धरून सगळ्या लोकसंख्येवर वाटली तर १९६१ चा आकडा ३०० च्या थोडा खाली येतो. त्या वेळी फ्रान्सची एकूण उपलब्धता दरडोई तीन हजारांहून थोडी अधिक होती. म्हणजे देशाच्या ताटातल्या दर दहा-अकरा कॅलरींपैकी एक बाटलीतून येत होती.

आणि बाटली बहुतेक वेळा एकाच पेयाची. साठच्या दशकाच्या आरंभी वाईनचा खप दरडोई वर्षाला १२० लिटरच्या आसपास होता. आज तो ४० च्या आसपास आहे. १०० मिलिलिटर साध्या वाईनमध्ये ७० किलोकॅलरी धरल्या तर १२० लिटरचे रोजचे २३० होतात आणि ४० लिटरचे ७५. बिअर आणि कडक मद्ये यांच्या ओळी त्या मानाने फारशा हललेल्या नाहीत. तेव्हा फ्रान्समधली मद्याच्या कॅलरींची घसरण म्हणजे वाईनची घसरण, आणि त्यातही रोजच्या जेवणातल्या स्वस्त वाईनची. नामांकित प्रदेशांच्या, शिक्क्याच्या वाईनचा खप याच काळात वाढला. लोक कमी वेळा पिऊ लागले आणि जेव्हा पिऊ लागले तेव्हा अधिक महागाचे पिऊ लागले.

आकड्यांची गोष्ट एवढीच. तिचा अर्थ लावताना मात्र घाई होते. ‘फ्रेंच शहाणे झाले’ हा एक सोपा अर्थ. ‘कायद्याने काम केले’ हा दुसरा. दोन्ही तपासायला हवेत. त्यासाठी आधी वाईन ताटात शिरली कशी, हे पाहावे लागते.

३

वाईन हे फ्रान्सचे प्राचीन पेय आहे, हे खरे. पण गरिबाच्या घरी ती रोज, दोन्ही वेळच्या जेवणात असणे ही तितकी प्राचीन गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, दक्षिणेकडच्या लांगडोक प्रांतातून स्वस्त वाईनचे डबे उत्तरेच्या कारखानी शहरांकडे धावू लागले, आणि मजुराच्या पगारात बसणारी वाईन तयार झाली. १८७५ साली देशाचे उत्पादन ८४ दशलक्ष हेक्टोलिटरच्या घरात गेले. मग फायलोक्सेरा या किडीने द्राक्षवेलींची मुळे खाल्ली आणि १८८० च्या दशकाअखेर उत्पादन एक-तृतीयांशाच्याही खाली कोसळले. या खड्ड्यात दोन गोष्टी वाढल्या. एक, बीट आणि धान्यापासून काढलेली कडक मद्ये व ॲबसिंथ. दुसरी, अल्जीरियातले फ्रेंच वसाहतवाल्यांचे द्राक्षमळे.

याच काळात वाईनला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र मिळाले. पाश्चर यांनी १८६६ च्या आपल्या वाईनविषयक ग्रंथात तिला पेयांमध्ये सर्वांत आरोग्यदायी ठरवले. नळाचे पाणी ज्या शहरात पटकीचे वाहक असू शकते, तिथे या मताला अर्थ होता. पुढे करव्यवस्थेतच वाईन, बिअर आणि सायडर यांचा ‘आरोग्यकारक पेये’ असा वेगळा वर्ग झाला आणि १९०० च्या अखेरीस त्यांच्यावरचे कर कमी केले गेले. दारूबंदीच्या चळवळी फ्रान्समध्येही होत्या. पण त्यांचा रोख ऊर्ध्वपातित मद्यांवर होता. वाईन ही त्यांच्या लेखी दारू नव्हतीच, उलट दारूवरचा उतारा होती. १९१५ साली ॲबसिंथवर कायद्याने बंदी आली, आणि त्याच युद्धात खंदकातल्या शिपायाला सरकारी शिध्यातून रोज पाव लिटर वाईन मिळू लागली. ती १९१६ मध्ये अर्धा लिटर झाली, १९१८ मध्ये पाऊण. एकाच राज्याने एका बाटलीवर बंदी घातली आणि दुसरी शिध्यात दिली.

झोलाची १८७७ ची ‘लासोम्वार’ ही कादंबरी या भेदाची साक्ष देते. तिची आणि ‘एकच प्याला’ची तुलना आपल्याकडे व्हायला हवी तेवढी झालेली नाही. झोलाचा कूपो हा छपरावर जस्ताचे पत्रे बसवणारा कारागीर. बाप दारूच्या नशेत छपरावरून पडून मेलेला, म्हणून तो आरंभी कडक मद्याला शिवत नाही. तो स्वतः पडतो तेव्हा शुद्धीत असतो. दुखापतीतल्या सक्तीच्या रिकामपणात त्याची घसरण सुरू होते आणि तीही पायरीपायरीने, वाईनवरून ब्रँडीवर. गुत्त्यात मध्यभागी ऊर्ध्वपातनाचे यंत्र उभे आहे. कादंबरीचे भय त्या यंत्राभोवती गोळा होते, जेवणावळीतल्या वाईनच्या बाटल्यांभोवती नाही. गडकऱ्यांच्या जगात अशी पायरी नाही. तिथे पहिला प्यालाच अखेरचा. सुधाकर वकील आहे, श्रमिक नाही. तो दारूकडे येतो तो अपमानामुळे, थकव्यामुळे वा भुकेमुळे नव्हे. तळीरामाची मंडळी दारू पितात ती सुधारणेची खूण म्हणून. दारूचे जेवणाशी, मजुरीशी, अंगातल्या ताकदीशी काही नाते असू शकते, ही शक्यताच त्या नाटकात नाही. दोन्ही कलाकृती दारूविरुद्ध आहेत. पण एका समाजात दारू अन्नाच्या आतून विषाकडे जाते, दुसऱ्यात ती बाहेरून येऊन अन्नावर घाला घालते. तक्त्यातली ओळ वाचताना आपली नजर गडकऱ्यांची असते, हे ध्यानात ठेवायला हवे.

४

मद्य हे अन्न आहे का? हा प्रश्न फ्रान्समध्ये नेमक्या याच शब्दांत विचारला गेला आणि विचारणारा माणूस साधासुधा नव्हता. पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख एमिल द्युक्लो यांनी १९०२-०३ च्या सुमारास हा वाद पेटवला. त्यांचा आधार अमेरिकेतला होता. विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला बंद कक्षात ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याची व्यवस्था उभी केली होती. आहारातल्या स्टार्च-साखरेचा काही भाग काढून तितक्याच उष्मांकाचे अल्कोहोल दिले तर शरीर ते जवळजवळ पूर्ण जाळते आणि त्याची ऊर्जा वापरते, असे त्यांना आढळले. अमेरिकेतले दारूबंदीवाले खवळले, दारूचे व्यापारी खूश झाले, आणि फ्रान्समध्ये द्युक्लो यांनी निष्कर्ष काढला की मद्य अन्नच आहे.

अन्न-ताळेबंदातली मद्याची ओळ या प्रयोगाची वारस आहे. जळते ते इंधन, इंधन ते अन्न. या तर्कात चूक कुठे आहे, हे आज सांगता येते. साखर जास्त झाली तर शरीर ती साठवते आणि उद्या वापरते. अल्कोहोल साठवता येत नाही. ते रक्तात असेपर्यंत यकृताला इतर कामे बाजूला ठेवून ते आधी संपवावे लागते, तासाला ७-८ ग्रॅमच्या मर्यादित वेगाने. सोबत प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे जवळजवळ नाहीत. उलट थायमिनसारख्या जीवनसत्त्वाच्या शोषणात ते अडथळा आणते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याचे यकृत अल्कोहोलचा काही भाग अशा मार्गाने जाळू लागते की त्यातली ऊर्जा कामी न येता उष्णता म्हणून निघून जाते. म्हणून कागदावर भरपूर कॅलरी घेणारा दारुडा प्रत्यक्षात हडकत जातो. थोडक्यात, ॲटवॉटरची मोजणी बरोबर होती आणि द्युक्लोचे अनुमान अपुरे होते. उष्मांक असणे आणि पोषण असणे यांतल्या फरकाला तक्त्यात स्तंभ नाही.

असे असूनही द्युक्लोच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. शतकापूर्वीच्या गोदीतल्या किंवा शेतातल्या मजुराला दिवसाला चार हजार कॅलरी लागत. पाव, थोडे मांस, चरबी यांतून त्या भागत नसतील, तर लिटरभर वाईनच्या ७०० कॅलरी हा चैनीचा विषय उरत नाही. तो मजूर वाईनला ताकद म्हणत होता, ते केवळ भाबडेपण नव्हते. त्याच्या शरीराचा हिशेब त्याला कळत होता. यकृताचा हिशेब वीस वर्षांनी येणार होता.

५

दुसऱ्या महायुद्धाने एक क्रूर प्रयोग आपोआप करून टाकला. जर्मन ताब्याच्या काळात वाईनचे रेशनिंग झाले आणि पॅरिसमधले यकृताच्या सिरोसिसचे मृत्यू झपाट्याने घटले. इतर अन्नाचीही टंचाई होती, तरी घटले. रेशनिंग उठल्यावर ते पुन्हा चढले. लोकसंख्याशास्त्रज्ञ सुली लेदरमान यांनी १९५६ च्या ग्रंथात मांडलेल्या विचाराला या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. समाजाची सरासरी जशी वाढते तशी अतिरेकी पिणाऱ्यांची संख्याही वाढते. ‘मोजके दारुडे’ आणि ‘बाकीचे सभ्य पिणारे’ असे दोन वेगळे समाज नसतात, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या गणिती सूत्रावर पुढे पुष्कळ टीका झाली. मूळ मुद्दा मात्र टिकला, आणि तक्त्यातल्या सरासरीला जो काही अर्थ आहे तो त्यानेच दिला.

राजकारणात ही जाणीव पिएर माँदेस-फ्रान्स यांच्या रूपाने आली. १९५४ मध्ये पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांनी जाहीरपणे दूध प्यायला सुरुवात केली, मद्यपानाच्या अभ्यासासाठी उच्चस्तरीय समिती नेमली, आणि देशभर त्यांची टिंगल झाली. रोलाँ बार्थ यांच्या १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये वाईन आणि दूध या जोडीवर एक छोटा निबंध आहे. वाईन ही फ्रेंच माणसाची वस्तू राहिलेली नसून त्याचे नागरिकत्व बनली आहे, असा त्याचा आशय. पण निबंधाचा खरा डंख शेवटी आहे. अल्जीरियात ज्या मुसलमान शेतकऱ्यांना वाईनचा काडीचा उपयोग नाही आणि ज्यांना पावाची भ्रांत आहे, त्यांच्याच जमिनीवर वसाहतवाल्यांनी द्राक्षे लादली, याची आठवण बार्थ करून देतात. फ्रान्सच्या ताळेबंदात वाईनच्या ज्या कॅलरी ‘आयात’ या स्तंभातून आल्या, त्यांतल्या बऱ्याच या जमिनीतल्या होत्या. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि पुढच्या दशकभरात हा ओघ आटला. तक्ता सांगतो की आयात घटली. गहू पिकवता आला असता तिथे वाईन का पिकत होती, हे सांगण्याची जबाबदारी तो घेत नाही.

त्या काळच्या सरकारी प्रचाराचा सूर पाहण्यासारखा आहे. पन्नाशीच्या दशकाअखेरच्या भित्तिपत्रकांनी जनतेला सल्ला दिला होता, दिवसाला एक लिटरपेक्षा जास्त वाईन पिऊ नका. १९५६ मध्ये शाळांच्या खानावळीत १४ वर्षांखालील मुलांना मद्य देण्यास बंदी झाली. म्हणजे तोवर ते चालत होते. आजच्या फ्रेंच आरोग्यसंस्थेचा सल्ला आठवड्याला जास्तीत जास्त दहा प्याल्यांचा आहे, दर प्याल्यात दहा ग्रॅम अल्कोहोल. जुन्या एका लिटरमध्ये असे आठ-नऊ प्याले बसत. साठ वर्षांपूर्वीची रोजची मर्यादा आज जवळजवळ आठवड्याची झाली आहे. शरीर तेच आहे.

६

मग घसरण कशाने झाली? कायद्याचे नाव घ्यायचे तर १९९१ च्या ‘एव्हँ कायद्या’चे घेतले जाते. त्याने मद्य आणि तंबाखूच्या जाहिरातींवर कडक बंधने घातली. कायदा महत्त्वाचा आहे; पण २६ लिटरवरून साडेअकरापर्यंतच्या उतरणीचा मोठा भाग १९९१ पूर्वीच पार पडला होता. कारण परिणामानंतर येऊ शकत नाही. रस्त्यांवरच्या नियमांचा हातभार आधीचा आहे. १९७० मध्ये चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ठरली, १९७८ मध्ये वाटेत थांबवून तपासणी सुरू झाली, १९९५ मध्ये मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅमवर आणली गेली. दुपारच्या जेवणातली बाटली गाडीने बरीच हटवली.

पण उतरण समजते ती कामाकडे आणि पिढ्यांकडे पाहिल्यावर. १९५४ मध्ये फ्रान्समधले सुमारे चौथा हिस्सा कामकरी शेतीत होते. पुढच्या तीस वर्षांत खेडी रिकामी झाली, ट्रॅक्टर आले, खाणी मिटल्या, कारकुनी वाढली. चार हजार कॅलरी जाळणारे शरीरच नाहीसे झाले, तेव्हा त्याच्या इंधनाची गरज कशी उरेल? खेड्यांत नळ आले, बाटलीतले पाणी आणि गोड शीतपेये आली. तहान भागवायला वाईन लागेनाशी झाली. कारखान्याशेजारच्या घरच्या जेवणाची जागा कार्यालयातल्या खानावळीने घेतली. मुख्य म्हणजे रोज पिणाऱ्यांनी सवय सोडली यापेक्षा रोज पिणारी पिढी संपत गेली आणि पुढच्या पिढीने ती उचलली नाही. १९८० च्या पाहणीत जवळजवळ निम्मे प्रौढ रोज किंवा जवळजवळ रोज वाईन पिणारे होते; २०१५ मध्ये सहापैकी एक. तेव्हा ‘फ्रेंच शहाणे झाले’ हे विधान नैतिक स्तुतीचे आहे, इतिहासाचे नाही. वाईनने अन्नपण गमावले आणि ती प्रसंगाची वस्तू झाली, एवढे इतिहास सांगतो.

याच वळणावर एक विनोद घडला. १९९१ मध्ये, एव्हँ कायद्याच्याच वर्षी, अमेरिकन दूरचित्रवाणीवर सेर्ज रनो या फ्रेंच संशोधकाने ‘फ्रेंच विरोधाभासा’ची चर्चा केली : लोणी-चीज खाऊनही फ्रेंचांना हृदयरोग कमी, आणि कारण बहुधा वाईन. अमेरिकेत लाल वाईनची विक्री उसळली. ज्या सवयीचे जग कौतुक करू लागले ती सवय फ्रेंच स्वतः तीस वर्षे सोडत आले होते. आणि ज्यांच्या हृदयाचा हेवा केला जात होता, त्यांच्या यकृताकडे कुणी पाहिले नाही. रोगावर रोगाचा हिशेब मांडायचा तर ताळेबंदाच्या दोन्ही बाजू भराव्या लागतात.

७

आता तक्त्याच्या मर्यादा. त्या तीन आहेत आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिली, तक्ता पुरवठा मोजतो, सेवन नव्हे. उत्पादन अधिक आयात, उणे निर्यात, साठ्यातला फरक, इतर उपयोग; राहिले ते लोकसंख्येने भागायचे. कोट्यवधी परदेशी पर्यटक फ्रान्समध्ये येऊन जे पितात ते फ्रेंचांच्या नावावर चढते. उलट घरगुती ऊर्ध्वपातन निसटते. स्वतःच्या बागेतल्या फळांपासून काही लिटर ब्रँडी करमुक्त काढण्याचा शेतकऱ्यांचा हक्क तिथे वडिलोपार्जित होता. १९६० मध्ये तो वारसाने देणे बंद झाले.

दुसरी मर्यादा सरासरीची. २०१७ च्या पाहणीनुसार १८ ते ७५ वयोगटातले सर्वांत जास्त पिणारे १० टक्के लोक एकूण मद्यापैकी ५८ टक्के पितात. तेव्हा ‘दरडोई १७५ किलोकॅलरी’ हा माणूस प्रत्यक्षात फारसा कुठे नाही. एका टोकाला जवळजवळ शून्याचे लोक आहेत, दुसऱ्या टोकाला हजाराचे.

तिसरी, तक्ता घसरण दाखवतो पण शिल्लक उरलेले दुःख दाखवत नाही. सिरोसिसचे मृत्यू सत्तरच्या दशकानंतर खूप उतरले, ही या ओळीची खरी कमाई. तरीही २०१५ साली फ्रान्समध्ये मद्यामुळे सुमारे ४१,००० मृत्यू झाल्याचा अधिकृत अंदाज आहे. त्यांत ३०,००० पुरुष. अन्नाच्या तक्त्यातली दुसरी कुठली ओळ एवढी माणसे नेत असेल? आणि ती ओळ ‘उपलब्ध ऊर्जा’ या शीर्षकाखाली बेरजेत मिळवली जाते.

८

हे सगळे फ्रान्सचे. आपला त्याच्याशी संबंध कुठे येतो? तक्ता तोच आहे, तिथे येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात भारतातला खप १५ वर्षांवरील दर माणशी २००५ मध्ये २.४ लिटर आणि २०१६ मध्ये ५.७ लिटर शुद्ध अल्कोहोल असा दिला आहे. वरच्याच रीतीने मोजले तर रोजच्या ३६ वरून ८६ किलोकॅलरी. फ्रान्स उतरत असताना आपण चढत आहोत. पण हे दोन उतारे-चढाव एका मापाचे नाहीत. फ्रान्समध्ये बहुसंख्य प्रौढ कधी ना कधी पितात. तिथे सरासरी कुणाचे तरी धूसर चित्र असते. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पिणारे पुरुष पाचात एकाहूनही कमी आणि पिणाऱ्या स्त्रिया शंभरात एखादी. इथली सरासरी कुणाचेच चित्र नाही. सिंधूच्या वाट्याला तक्ता ८६ कॅलरी लिहितो, त्या सुधाकराने प्यालेल्या असतात.

मोहाचे उदाहरण याहून बोलके आहे. आदिवासी घरात मोहाचे फूल आधी अन्न आहे. वाळवून, शिजवून, भाकरीत घालून खायचे. मग ते मद्य आहे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर सरकारी मक्त्याच्या दारूला धोका नको म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आला. महसुलाच्या डोळ्यांनी फूल म्हणजे दारू, खाणाऱ्याच्या डोळ्यांनी फूल म्हणजे जेवण. दोन्ही रूपांत ते आजच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात क्वचितच उमटते.

आणि ज्वारी. २००७ साली महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, त्यावर पुढे मोठा वाद झाला. या वादात अन्न-ताळेबंद काय म्हणेल, हे पाहणे उद्बोधक आहे. एक टन धान्यापासून साधारण ४०० लिटर अल्कोहोल निघते. टनभर ज्वारीच्या सुमारे ३४ लाख किलोकॅलरी ‘प्रक्रिया’ या स्तंभात जमा होऊन धान्याच्या ओळीतून वजा होतील. आणि त्या मद्यार्काची पेये झाली तर मद्याच्या ओळीत सुमारे २२ लाख परत येतील. म्हणजे दोन-तृतीयांश अन्न शाबूत! प्रथिने गेली, लोह गेले, भाकरी गेली, ज्याच्या ताटातली ती होती तो माणूसही बदलला. तरी एकूण बेरीज थोडीशीच हलेल.

म्हणून ही ओळ काढून टाका, असे मी म्हणणार नाही. काढली तर फ्रान्सच्या मजुराचा शंभर वर्षांचा आहार समजणार नाही, आणि त्याच्या घसरणीतला चांगुलपणाही दिसणार नाही. पण ती बेरजेत मिळवू नये. ती वेगळी छापावी. देशाला मिळालेल्या अन्नाखाली एक रेघ ओढावी आणि तिच्याखाली मद्याच्या कॅलरी लिहाव्यात. फ्रान्सला ही रेघ ओढायला एक शतक लागले. ती कायद्याने कमी आणि कामाच्या, पाण्याच्या, पिढ्यांच्या बदलाने जास्त ओढली गेली. आपल्या समाजाने ती नाटकात केव्हाच ओढून ठेवली आहे. धोरणाच्या कागदावर ज्वारी आणि मद्यार्क यांच्यामध्ये ती ओढायची आहे की नाही, हे मात्र अजून ठरायचे आहे.